मेंढी जिची, कोकरू तिचं

आमचे मालक, गावाचे अप्पा, गेले त्याच्या चौदाव्या दिवशी आमची एकशे ब्याण्णव मेंढरं गेली. म्हणजे होती जागेवरच सगळी, कुरणाच्या फाटकापुढं, एकमेकींच्या पाठीवर माना टाकून उभी. पण फाटक म्हणालं, अशी मेंढरं माझ्याकडं नाहीतच.

आमच्या माळदेववाडीच्या कुरणाला सहा वर्षांपूर्वी नाक बसवलं. मरीच्या साथीत भागातली निम्मी मेंढरं पडली, त्याच्या दुसऱ्या वर्षी. फाटकात एक अरुंद गल्ली आहे. मेंढी तिच्यातनं एकेकटी जाते आणि भिंतीतली पातळ पट्टी तिचा श्वास हुंगते. आजारी जनावराच्या श्वासाला वेगळा वास येतो, हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं. पण तिला तो जनावर बसल्यावर यायचा, नाकाला तीन दिवस आधी येतो. यात युक्ती अशी की नाक एका मेंढीची दुसरीशी तुलना करत नाही, जिची तिच्याशीच करतं. हिचा श्वास काल कसा होता, गेल्या महिन्यात कसा होता, आज काय बदललं. म्हणून त्याला प्रत्येक मेंढीचा इतिहास लागतो, आणि तो संस्थेच्या खोलीतल्या पेटीत असतो. पेटीत नोंद नाही तर इतिहास नाही, इतिहास नाही तर कुरणात पाऊल नाही. आणि चाळीस दिवसांत ओळख पटली नाही तर जनावर बेवारस धरून त्याला कायमची सुई टोचायची. हा नियम आम्हीच सभेत हात वर करून मंजूर केला. मी तर दोन्ही हात वर केले होते.

अंकुश वाघमोडे संस्थेचा सचिव. माणूस बरा आहे, पण त्याला विचारलेलं त्याच्या डोक्यात उतरेपर्यंत विचारणाऱ्याला नातवंडं होतात.

"काकी, मृत्यूची नोंद वरच्या दप्तरातनं आपोआप पेटीत येते," तो म्हणाला. "अप्पांची आली. मालक गेला की मालकाखालचं सगळं जातं, असा पेटीचा नियम आहे."

"मेंढरं सती गेली म्हण की."

तो हसला नाही. पेटीची दर रविवारची राखीव प्रत दुसऱ्या डब्यात राहते, तीवरनं नोंदी परत घालून बघतो म्हणाला. संध्याकाळी घातल्या. फाटक उघडलं, मेंढरांनी घटकाभर तोंड मारलं. सकाळी पेटीनं पुन्हा मृत्यूच्या नोंदी ताडून बघितल्या आणि मालकांबरोबर सगळी मेंढरं पुन्हा पुसून टाकली.

"मग माझ्या नावावर घाल."

"त्याला वारस दाखला लागतो. चार महिने तरी."

चार महिने आणि चाळीस दिवस, यातला फरक सांगायला मला कुणाची गरज नव्हती.

मेंढरं घरामागं वाघरीत कोंडली. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण, ते आम्ही चाकरमान्यांना समजावत बसत नाही. पण त्या दिवसापासून पाला तोडून आणायचं काम माझ्या सुनेवर, ऋतुजावर आलं. नवनाथ, माझा मुलगा, दोन जिल्हे पलीकडं सौरपट्ट्यांच्या शेतावर नोकरीला. भारा टाकून ती माझ्यापुढं उभी राहिली. चेहरा घामानं थबथबलेला.

"माझ्या मेंढ्या कुणाच्या मरणानं मेल्या, आत्या?"

मी म्हटलं, "तोंड सांभाळ. सुतक संपलंय, आठवण संपलेली नाही."

"मामंजींबद्दल नाही म्हणत मी. तुमच्याबद्दल म्हणते."

तिचं बरोबर होतं, आणि तेच मला लागलं.

आमच्यात पोरीला सासरी धाडताना आंदण म्हणून मेंढी देतात. ती मेंढी सासरच्या कळपात मिसळते, पण तिचं कोकरू पोरीचं, कोकराचं कोकरूही पोरीचं. मेंढी जिची, कोकरू तिचं. हे घरात सगळ्यांना पाठ असतं आणि घराबाहेर कुणी बोलत नाही. परका माणूस आला की सगळी मेंढरं कारभाऱ्याची. बाईमाणसानं "यातली माझी इतकी" म्हणणं म्हणजे कारभाऱ्याच्या मिशीला हात घालणं.

पेटी बसवायला शर्वरी म्हणून इंजिनियर बाई आली होती. आमच्या ओट्यावर बसून तिनं विचारलं, "ही मेंढरं कुणाची?" मी म्हटलं, "आमच्या मालकांची." ती म्हणाली, "सगळी? यात वाटे असतील तर आत्ताच सांगा, नंतर रचना बदलणं जड जातं." ऋतुजा तेव्हा नवी नवरी, चहाचे कप घेऊन दारात उभी. तिनं तोंड उघडलं होतं. मी तिच्याकडं बघितलं आणि ते मिटलं. "सगळी म्हणजे सगळी," मी बाईला सांगितलं. "आमच्या घरात वाटे नसतात."

बाईनं तसं मांडलं. एक मालक, खाली सगळी मेंढरं. पेटीनं काही चूक केली नाही. तिला जे सांगितलं ते तिनं शेवटपर्यंत पाळलं.

शर्वरी बाईची मुदत संपून ती कधीच गेली होती. जाताना कपाटात दोन जाड पुस्तकं ठेवून गेली, मराठीत केलेली. एकात डेटाबेस कसा रचायचा ते, दुसऱ्यात तो कसा राखायचा ते. अंकुशनं त्यांच्यावर पंखा ठेवला होता.

"काकी, ते इंजिनियरांचं आहे," तो म्हणाला.

"मराठी आहे ना? तिसरीपर्यंत मलाही मराठीच शिकवलं."

"पेटीला बोललेलं कळतं. तोंडी सांगितलं तरी हुकूम ती स्वतः लिहिते."

"'सगळी मालकांची' हे बोललेलं कळलंच की तिला. आता काय बोलायचं ते मला आधी कळू दे."

पंखा उचलला आणि पुस्तक उघडलं. पहिल्या दिवशी चार पानं झाली, बोट अक्षराखाली धरून. दुसऱ्या दिवशी तीच चार पानं पुन्हा वाचली, कारण पहिल्या दिवशी नुसती वाचली होती.

पुस्तकातली माणसं सगळी गिऱ्हाइकं. गिऱ्हाईक, त्याची मागणी, मागणीतल्या वस्तू. कुणी कुणाची जाऊ नाही, कुणाला दीर नाही, कुणी रुसून माहेरी जात नाही. अशा जगात टेबलं मांडायला काय लागतं. पण लिहिणारा शहाणा होता, हे मी कबूल करते. त्याचं पहिलं म्हणणं असं, की एका टेबलात एकाच जातीच्या गोष्टी ठेवा. मेंढ्या एका टेबलात, माणसं दुसऱ्यात, आणि दोन्हींना जोडणारा धागा वेगळा. दुसरं म्हणणं, प्रत्येक ओळीला अशी एक खूण द्या की जी जन्मात बदलणार नाही आणि दुसऱ्या कुणाची असणार नाही. त्याला प्रायमरी की म्हणतात. शर्वरी बाईनं कानातल्या बिल्ल्याचा नंबर घेतला होता. बिल्ला बाभळीत अडकून तुटतो, मग नवा नंबर येतो, आणि पेटीच्या लेखी एक मेंढी मरून दुसरी जन्मते. इंजिनियर बाईच्या कामात खोट काढता आली, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

सहाव्या दिवशी मी पहिली रचना केली. मेंढ्यांच्या टेबलात मालकाचा रकाना तसाच ठेवला, फक्त एकेका मेंढीपुढं ज्याचं त्याचं नाव. घरी येऊन ऋतुजाला दाखवली. ती बोलत नव्हती माझ्याशी, पण कागद घेतला. बारावी झालेली आहे, नाही म्हणायला.

"म्हणजे उद्या कोकरू झालं की पुन्हा कुणीतरी नाव लिहायचं," ती म्हणाली. "आणि लिहिणार कोण? तुम्ही."

मी कागद परत घेतला. पुस्तकाकडं गेले. सत्तर पानांपुढं ते सापडलं: जी गोष्ट दुसऱ्या गोष्टीवरून कळते, ती पुन्हा लिहू नका. दोन जागी लिहिलेलं एक दिवस दोन तऱ्हेचं होतं.

मी पुस्तक मिटून भिंतीकडं बघत बसले. कोकराचा मालक लिहायची गरजच नाही. आई लिहायची. आईवरून तिची आई, तिच्यावरून तिची, असं चढत गेलं की शेवटी एक मेंढी लागते जी कुणाच्यातरी बापानं दिलेली असते. मालक फक्त तिच्यापुढं लिहायचा. बाकीचं पेटीनं आपलं आपण ओळखावं. मधे कुणी कुणाला कोकरू दिलं असेल तर त्याचं तिसरं टेबल: कुणी दिलं, कुणाला, कुठल्या तारखेला. आमच्या आज्या-पणज्यांनी जे डोक्यात मांडलं होतं तेच, फक्त त्यांना पुस्तक छापायचं सुचलं नाही.

अंकुशला सांगितलं तर तो डोकं खाजवायला लागला. "रचना दुरुस्त करायचा अधिकार संस्थेला आहे, काकी. वारस दाखला लागणार नाही, कारण नोंद मुळातच चुकली होती असं होईल. पण पुरावा?"

"पुरावा तुझ्या नाकात आहे."

त्यानं स्वतःच्या नाकाला हात लावला. मी फाटकाकडं बोट दाखवलं.

हे मी पेटीला विचारून घेतलं होतं. मेंढीच्या पोटात रवंथ पचवणारे जंतू असतात, कोट्यवधी. कोकराला ते जन्मताना आणि दुधातनं आईकडनं मिळतात. श्वासाचा बराचसा वास त्यांचाच. म्हणून मायलेकींचे श्वास बहिणींसारखे जुळतात, आणि राखीव प्रतीत सहा वर्षांचे श्वास पडून होते. मी आई सांगायची, पेटीनं श्वास ताडून हो किंवा नाही म्हणायचं.

आता आया सांगायच्या होत्या एकशे ब्याण्णवांच्या. त्या मला निम्म्या पाठ. उरलेल्या ऋतुजाला, कारण गेली सहा वर्षं बाळंतपणं तिनं काढलेली. आम्ही दोघी वाघरीपाशी बसलो. ती मेंढी धरायची, मी कागद. कोंबडी, काजळी ही मेंढ्यांचीच नावं.

"ही मोरकानी. हिची आई?"

"कोंबडी."

"कोंबडी कशी असेल? कोंबडीला त्या साली जुळी झाली, दोन्ही नर."

"तुम्ही तेव्हा धाकट्या वन्संकडं गेला होता, आत्या. जुळी काजळीला झाली. कोंबडीला ही."

पेटीला विचारलं. पेटी म्हणाली, कोंबडी. ऋतुजानं पुढची मेंढी जरा जोरात ओढली. अकरा दिवस असे गेले. मी एकोणीस ठिकाणी चुकले, ती तीन ठिकाणी. हे ती मोजत होती, हे मला नंतर कळलं. मधल्या काळात वाघरीत चौदा कोकरं झाली, ती वेगळीच. कडब्याच्या पेंढ्या संपत आल्या, मेंढरांच्या बरगड्या दिसायला लागल्या.

एकतिसाव्या दिवशी सगळ्या आया जुळल्या. वर चढत चढत आठ मेंढ्या उरल्या, ज्यांच्या वर कुणी नाही. मी पेटीला म्हटलं, कुठल्या मेंढीखाली आज किती, सांग.

माझ्या दोन पोरींनी सासरी न नेता आमच्याकडंच ठेवलेल्या दोन, त्यांच्याखाली चौतीस. बिरोबाला सोडलेल्या दोन, त्यांच्याखाली अठरा. माझ्या आंदणाच्या दोन, त्यांच्याखाली नऊ. आणि पांढुरकी नि काजळी, या दोघींखाली एकशे एकतीस.

मालकांच्या नावावर एकही नाही. ज्यांच्या नावाला सगळी मेंढरं टांगली होती, त्यांची स्वतःची एकही नव्हती.

पांढुरकी आणि काजळी ऋतुजाच्या बापानं दिलेल्या. साथीत मालकांची बापजाद्यांची सगळी गेली होती, तेव्हा तिचं लग्न झालं आणि या दोन आल्या. रोगाला दाद न देणारं रक्त होतं, दरवर्षी जुळी देत गेल्या. सहा वर्षं आम्ही तिचंच खाल्लं, आणि मी गावाला सांगत होते की आमचा कळप पुन्हा उभा राहिला.

अंकुशनं आकडे बघितले. दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "काकी, श्वासावरनं आई कळते. पण या आठ कुणी आणल्या, ते श्वासात नसतं. तिथं घरातल्या वडीलधाऱ्याचा शब्द चालतो. म्हणजे तुमचा."

"बरं मग?"

"मग काही नाही. पांढुरकी-काजळी तुमच्या म्हणालात तर तुमच्या. सूनबाई काल आलेली." मग आवाज उतरवून म्हणाला, "नवनाथच्या तिथं सौरपट्ट्यांखालचं गवत खायला मेंढरं पाहिजेत, असं ऐकलं. कुरणाबाहेर कळप न्यायला आता पेटी मालकाचीच परवानगी मागणार."

मी ते आधीच ऐकलेलं. ऋतुजा नवऱ्याशी बोलताना मी काही कानात बोळे घालून बसत नाही. एकशे एकतीस तिच्या नावावर लागली की ती दुसऱ्या दिवशी ट्रक बोलावू शकते, आणि मला विचारायचीही गरज नाही. पोरींची नि देवाची सोडली तर माझ्या वाघरीत उरणार नऊ. चाळीस वर्षं दोनशेच्या मागं चाललेली बाई नवांच्या मागं चालताना गाव बघणार.

मी घरी आले. ऋतुजा कोकरांना पाजत होती. जेवताना दोघींनी एकमेकींच्या ताटाकडं बघितलं.

सकाळी संस्थेत गेले ती तिला घेऊनच.

"लिही," मी अंकुशला म्हटलं. "पांढुरकी, काजळी. आणणारी ऋतुजा नवनाथ बंडगर. साल घाल."

"काकी, विचार केलात ना?"

"अंकुश, त्या दिवशी ओट्यावर मी खोटं बोलले ते परक्यांपुढं आब राखायला. त्याचं काय झालं ते वाघरीत जाऊन बघ, बरगड्या मोज. आता लिही."

ऋतुजा खिडकीतनं बाहेर बघत होती. पदर तोंडाशी धरला होता का, ते मी बघितलं नाही.

नंतरचं काम दुसऱ्या पुस्तकातलं, राखणदारीचं. चालू पेटीला हात लावायचा नाही. राखीव प्रत बाजूला उभी करायची, तिच्यावर आधी करून बघायचं. मी दोनदा मोडलं. पहिल्यांदा मेंढ्या आल्या पण श्वास आले नाहीत. दुसऱ्यांदा एक मेंढी स्वतःचीच आई झाली आणि पेटी वर चढता चढता गोल फिरत राहिली. ते ऋतुजानं शोधलं. तिसऱ्यांदा नीट बसलं. माणसांच्या टेबलात बिरोबाची ओळ घालताना पेटीनं जन्मतारीख मागितली.

"देवाची कुठनं आणू?" अंकुश म्हणाला.

"त्याला मृत्यूचा दाखलाही यायचा नाही," मी म्हटलं. "सगळ्यात सुरक्षित मालक तोच आहे. पुढं चल."

मग पेटीनं तो प्रश्न विचारला, जो सहा वर्षांपूर्वी शर्वरी बाईला विचारला असणार. मालकाची नोंद गेली तर तिच्याशी जोडलेल्या मेंढरांचं काय करू? पुस्तकात तीन उत्तरं आहेत. सगळं पुसून टाक. नाहीतर धागा तोडून मेंढरं बेवारस सोड. नाहीतर अडून बस: जोवर त्यांची सोय लागत नाही, तोवर वरची नोंद हलवू देऊ नकोस.

"अडून बस," मी म्हटलं. "सोय कुठली, ते प्रत्येकाकडनं जिवंतपणी लिहून घे. माणूस गेला की मेंढरं त्या नावाखाली जाऊ देत, मग खुशाल त्याची नोंद काढ."

हा हुकूम चालू पेटीवर चढवला तो सदतिसाव्या दिवशी, सकाळी आठ वाजता. पेटीनं मृत्यूच्या नोंदी ताडल्या, मालकांची ओळ काढली, आणि एकाही मेंढीला धक्का लागला नाही.

फाटकाशी गाव जमलं होतं, म्हणजे बायका जमल्या होत्या. पुरुष लांब लिंबाखाली, जणू दुसऱ्याच कामाला आलेत. पहिली मोरकानी गल्लीत शिरली. पट्टीनं हुंगलं. फाटक उघडलं. मग एकामागोमाग एक, दोन तास. चौदा कोकरांपाशी मी श्वास धरला, कारण त्यांचा मागचा इतिहासच नव्हता. पेटीनं त्यांना त्यांच्या आयांशी ताडलं आणि आत सोडलं. आई लिहिली नसती तर चौदाही बाहेर राहिली असती.

"सगळी आली, काकी," अंकुश फोन घेऊन माझ्याकडं आला. मागनं वाघमोड्यांच्या घरातलीच एक सून येऊन उभी राहिली होती, आमची टेबलं कधी करणार म्हणून विचारायला. तिला थांब म्हटलं. अंकुश म्हणाला, "एकच राहिलंय. मागं कुणाला, तो रकाना. सूनबाईंनी भरला, तुमच्या पोरींनी फोनवरनं भरला, देवाला लागू नाही. तुमच्या नऊंपुढं रिकामं आहे."

"रिकामं चालतं का पेटीला?"

"तुम्ही जिवंत आहात तोवर चालतं."

रिकाम्या रकान्यावर पुस्तकात अख्खं प्रकरण आहे. रिकामा म्हणजे शून्य समजू नका, नकारही समजू नका, असं त्यानं तीन वेळा लिहिलंय. अजून ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ऋतुजा काठी घेऊन फाटकात उभी होती. अंकुशचं बोलणं तिनं ऐकलं होतं.

"ट्रक शनिवारचा ठरला होता," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं ना, आत्या?"

"होतं."

"तरी लिहिलंत."

"तुझ्या होत्या म्हणून लिहिलं. उपकार नाही केले."

ती आत पांगलेल्या मेंढरांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आणि त्या नऊंपुढं कुणाचं नाव घालायचं?"

"राहू दे रिकामं. मी अजून बघतेय."

"म्हणजे तुमचं ठरेपर्यंत मला इथंच थांबावं लागणार म्हणायचं."

"मी काही म्हटलेलं नाही."

तिनं फोन काढून ट्रकवाल्याला शनिवारी येऊ नको म्हणून सांगितलं, आणि मेंढरांमागं कुरणात गेली. मला ठरवायला वेळ लागतो.